कोपीतील कास आणि निदानपरिवर्जन

दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटू लागली की बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूरकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात उतरतात. पुढील पाच-सहा महिने या भागातील आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात सायंकाळी येणाऱ्या रुग्णांचे स्वरूप पालटते. कास, ज्वर, अतिसार, खरूज आणि स्त्रियांमध्ये श्वेतप्रदर. आपण औषध देतो, रुग्ण जातो आणि आठवड्याने तोच रुग्ण किंवा त्याच कोपीतील दुसरा कोणी तीच तक्रार घेऊन येतो. या पुनरावृत्तीचे मूळ रुग्णाच्या निवाऱ्यात आहे आणि त्याविषयी वैद्यवर्गाने आजवर पाळलेले मौन समर्थनीय नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

कोपी म्हणजे काय हे ऊसपट्ट्यातील वाचकांस सांगावयास नको; इतरांसाठी थोडक्यात सांगतो. बांबूच्या ताट्या, वर ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद, खाली माती व तीवर पसरलेले पाचट. दार इतके ठेंगणे की वाकूनच आत शिरावे. खिडकीचा प्रश्नच नाही. आत नवरा-बायको, दोन-तीन मुले, क्वचित वृद्ध आई, गावाहून आणलेली धान्याची पोती आणि थंडीच्या दिवसांत चूलही. दाराशी बैल, शेण आणि वाढ्यांचा ढीग. एका कोपीला लागून दुसरी, तिला लागून तिसरी, अशा शंभर-दोनशे कोप्यांचा तळ कारखान्यालगतच्या पडीक जागेवर किंवा ओढ्याकाठी पडतो. पाणी कोठून तरी आणावयाचे आणि शौचास उसाचा फड. पहाटे अंधारात तोडीला जावयाचे व रात्री गाडी गव्हाणीपुढे खाली होईपर्यंत रांगेत थांबावयाचे, हा दिनक्रम. कोपी ही झोपण्यापुरतीच. परंतु नेमकी ती झोपेची वेळच रोगप्रसाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरते.

आपल्या संहिताकारांना घराचे महत्त्व ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात संशोधनकर्मापूर्वी कसे घर सिद्ध करावे याचे वर्णन आहे. घर भक्कम असावे, त्यात वाऱ्याचा मारा नसावा पण एका बाजूने वारा खेळता असावा, आत सुखाने वावरता यावे, धूर, ऊन, पाणी, धूळ यांची बाधा होऊ नये. शिवाय पाण्याची, शौचाची, स्नानाची व स्वयंपाकाची सोय तेथेच असावी. औषधे, उपकरणे व परिचारक यांची जमवाजमव आचार्यांनी या घरानंतर सांगितली आहे. या वर्णनातील एकेक विशेषण घेऊन कोपीशी ताडून पाहावे. एकही लागू पडत नाही.

औपसर्गिक रोगांविषयी सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात कुष्ठाच्या अध्यायाअखेरीस जे सांगितले आहे ते पदवी परीक्षेसाठी आपण सर्वांनी मुखोद्गत केलेले असते. अंगाचा स्पर्श, श्वास, एकत्र भोजन, एका शय्येवर झोपणे, दुसऱ्याचे वस्त्र वापरणे यांतून कुष्ठ, ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद हे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात. हे प्रसारमार्ग टाळा असे आपण कोपीतील रुग्णास सांगावयाचे म्हटले तर काय सांगणार? तेथे दुसरी शय्या नाही, दुसरी गोधडी नाही आणि श्वास घेण्यास दुसरी हवा नाही. म्हणूनच हा विषय व्यक्तीच्या पथ्यापथ्याच्या कक्षेत न राहता जनपदोद्ध्वंसाच्या कक्षेत जातो. प्रकृती, आहार, सात्म्य, वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का ग्रस्त होतात, या अग्निवेशाच्या शंकेला आत्रेयांनी दिलेले उत्तर वायू, उदक, देश व काल या समान भावांचे आहे. कामगारांच्या तळावर हे चारही भाव सर्वांना समान आहेत, आणि पहिले तीन बिघडलेले आहेत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ही माणसे दिवसभर मोकळ्या हवेत व उन्हात असतात, शहरातल्या खुराड्यांपेक्षा त्यांची स्थिती बरी. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. पण क्षयाचा जंतू खोकल्यातून बाहेर पडलेल्या सूक्ष्म कणांवाटे हवेत तरंगत राहतो. उन्हाने व वाहत्या हवेने तो निष्प्रभ होतो, बंदिस्त अंधाऱ्या जागेत तासन्‌तास टिकतो. दिवसाचे ऊन रात्रीच्या कोपीत शिरत नाही. त्यात चुलीचा धूर, अपुरे भोजन व अतिश्रम यांची भर पडते. साहस, वेगसंधारण, क्षय व विषमाशन ही राजयक्ष्म्याची चार कारणे आपण शिकलो आहोत. ऊसतोड कामगाराच्या दिनचर्येत यांपैकी कोणते नाही?

आता खरी अडचण पाहा. क्षयरोगाची नेहमीची चिकित्सा सहा महिन्यांची आहे आणि तोडणीचा हंगामही जवळपास तेवढाच. गावी निदान होऊन औषध सुरू झालेला रुग्ण दोन महिन्यांत कोयता घेऊन निघतो. येथे निदान झालेला रुग्ण पट्टा पडला की परत जातो. उचल घेतलेली असल्याने त्यास थांबता येत नाही, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि एक आजारी पडला तर अर्धा नव्हे, सबंध कोयता बंद पडतो. खोकला कमी झाला की औषध सुटते. अर्धवट चिकित्सेतून औषधांना दाद न देणारा क्षय निर्माण होतो, आणि तो पुन्हा त्याच कोपीत, त्याच मुलांशेजारी झोपतो. शासनाच्या निक्षय प्रणालीत रुग्णाचा क्रमांक देशभर एकच राहतो व रुग्ण एका केंद्राकडून दुसऱ्याकडे वर्ग करता येतो. व्यवस्था आहे. परंतु ती चालते ती कोणी तरी नोंद केली तरच. क्षयरुग्णाची नोंद खाजगी व्यावसायिकांनाही मे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेतेही त्या कक्षेत आले. पोषणासाठी रुग्णास एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. नोंदच नसेल तर हेही नाही.

येथे आपल्याच वर्गाविषयी कटू बोलणे भाग आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ज्वर, वजनात घट असलेल्या कामगारास कफाच्या तपासणीस न पाठवता सितोपलादि, तालीसादि व एखादा कासहर अवलेह देऊन महिना काढणारे व्यावसायिक आहेत. ही औषधे निकृष्ट आहेत असे कोणी म्हणत नाही. लक्षणांना उतार पडतो, आणि तोच धोका आहे. औषधविक्रेत्यांपैकीही काही जण मुकादमाच्या चिठ्ठीवर खोकल्याच्या बाटल्या डझनाने देतात. क्षयाची औषधे मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. चिकित्सक, रुग्ण, औषध व मात्रा यांची स्वतंत्र वहीत नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. चार गोळ्यांची पट्टी कापून देण्यास त्यात मुळीच वाव नाही.

दुसरा रोग उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस. ऊस व हा रोग यांचे नाते जुने आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात तो ऊसतोड कामगारांत इतका बळावला की तोडणीपूर्वी फड जाळून उंदीर नाहीसे करावेत या मागणीसाठी तेथील कामगारांनी १९३५ मध्ये संप केला. आपल्याकडे धान्याची पोती, पाचटाचे अंथरूण आणि भेगाळलेले पाय यांचा संयोग कोपीत होतो. तीव्र ज्वर, पोटऱ्यांत असह्य वेदना, लाल डोळे व नंतर कामला असा क्रम दिसल्यास आरोग्यवर्धिनीवर विसंबून राहण्याची ती वेळ नव्हे. त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. वृक्क निकामी होण्यास फार दिवस लागत नाहीत.

स्त्रियांच्या प्रश्नावर तर स्वतंत्र लेख व्हावा. आडोसा नाही, स्नानास पाणी नाही, मासिक पाळीत कपडा धुवून उन्हात वाळविण्यास जागा नाही, लघवीस जाणे टाळण्यासाठी दिवसभर पाणीच न पिणे; यांतून मूत्रमार्गाचे व योनिमार्गाचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे अनेक कारणे होती, काही व्यावसायिकांचा लोभही होता. पण वारंवार होणाऱ्या श्वेतप्रदरास कंटाळलेली स्त्री शस्त्रक्रियेस राजी होते, तेव्हा त्या निर्णयात न्हाणीघराच्या अभावाचा वाटा किती, हे कोणी मोजले?

पक्की घरे बांधली की प्रश्न सुटला, असे समजण्याचेही कारण नाही. सिंगापूरमध्ये परदेशी मजुरांची वसतिगृहे पक्क्या बांधणीची आहेत. तरीही एका खोलीत दहा-वीस जण राहत असल्याने २०२० मध्ये तेथे कोविडचा असा फैलाव झाला की वर्षअखेरीस जवळजवळ निम्म्या रहिवाशांना संसर्ग होऊन गेल्याचे त्या सरकारनेच जाहीर केले. त्यांत भारतीय मजूर पुष्कळ होते. मुंबईत गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या जवळजवळ उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही, आणि क्षयाच्या संदर्भात त्या वसाहतींची चर्चा २०१८ पासून होत आहे. त्याही मागे जाता येईल. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, पण पाडली तितकी घरे बांधली नाहीत, आणि विस्थापित गरीब शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले. प्रश्न दर माणशी जागा, हवा व पाणी यांचा आहे; भिंत कशाची, हा त्यानंतरचा.

जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर देताना कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो व मुकादम कारखान्याकडे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीच्या १९७९ च्या कायद्यात योग्य निवासाची जबाबदारी कंत्राटदारावर होती. परंतु बीडहून कोल्हापूरला येणारा कामगार राज्याची सीमा ओलांडत नसल्याने तो त्या कायद्याच्या कक्षेतच नव्हता, आणि तोच बेळगावकडे गेला तर होता! आता तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत सामावला गेला आहे. आपल्या राज्यात ऊसतोड कामगार कल्याण महामंडळही स्थापन झाले आहे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या लाखाहून अधिक कामगारांना परत पाठविताना त्यांच्या तपासण्या व याद्या काही दिवसांत झाल्या. म्हणजे मनावर घेतले तर तळाची मोजदाद अशक्य नाही.

घरे बांधणे हे वैद्याचे काम नव्हे, असे काही ज्येष्ठ सदस्य म्हणतील. नव्हेच. पण या घरात हे औषध लागू पडणार नाही, असे लेखी सांगणे हे वैद्याचेच काम आहे आणि ते दुसरे कोणी करणार नाही. हंगामात एखादे शिबिर भरवून, फलकासमोर छायाचित्र काढून हे साधत नाही. बॉयलरचे अग्निप्रदीपन होण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबरातच, प्रत्येक तालुका शाखेने आपल्या परिसरातील कारखान्यास निवेदन द्यावे. कोप्यांमध्ये निदान दोन हातांचे अंतर, तळाशी ठरावीक नळ व क्लोरिन घातलेले पाणी, स्त्रियांसाठी आडोशाची न्हाणी व शौचालये, चुलीसाठी कोपीबाहेर निवारा, बैलांची दावण वेगळी, आणि कारखान्याकडून उंच व झडपेच्या ताट्या. यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही. गाळपाच्या खर्चात तो दिसणारही नाही. तळावरील कोप्यांची संख्या, पाण्याचे अंतर आणि मागील हंगामात आपण कफतपासणीस पाठविलेल्या रुग्णांची संख्या ज्या सदस्यांकडे नोंदलेली असेल त्यांनी ती रुग्णांची नावे वगळून पावसाळा संपण्यापूर्वी आपल्या शाखेच्या कार्यवाहांकडे द्यावी, म्हणजे निवेदनास जोडता येईल.