ओळखा पाहू, ही वस्तू कुणाची?

अलीकडे आपल्या जिल्ह्यात एक नवं खूळ आलं आहे. शाळेचं स्नेहसंमेलन असो, गावचा महोत्सव असो की एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन, एका खोलीत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं जातं. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर पायली, अधोली, मापटं, रवी, रोळी, फुंकणी, मुसळ आणि दारावर पाटी : 'ओळखा पाहू!' बरोबर ओळखेल त्या मुलाला पेन मिळतं. पाहुणे जात्याचा खुंटा धरून फोटो काढून घेतात. यात वाईट काय, असं कुणीही विचारील. वाईट काही नाही, पण विचारलेला प्रश्न अर्धा आहे. 'ही वस्तू काय' एवढंच विचारलं जातं. ती कुणाच्या हातात होती, रोज किती तास होती आणि तिनं त्या हातांचं काय केलं, हे कुणी विचारत नाही. अर्ध्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच मिळतं, आणि बऱ्याचदा चुकीचं मिळतं.

उमरगा भागातल्या अशाच एका प्रदर्शनात लोखंडी कडीला अडकवलेल्या वाकड्या आकड्यांचा एक झुबका ठेवला होता. खाली चिठ्ठी : 'शिकारीचे हत्यार'. आमच्या बचत गटातल्या सत्तरी ओलांडलेल्या एक आजी तिथं थबकल्या आणि हसायलाच लागल्या. "शिकार कशाची, बाई? ह्यो गळ हाय. आडात कळशी पडली की ह्येच्यानं काढायची." मग सांगू लागल्या. गळ गल्लीत एखाद्याच घरी असायचा. मागायला गेलं की गावाला कळायचं, हिच्या हातून कळशी पडली. घरी आल्यावर मार ठरलेला. आणि जाता जाता खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाई आडात गेली, तरी ह्योच गळ."

मैत्रिणींनो, या एका वाक्यात जो इतिहास आहे तो कुठल्या चिठ्ठीवर मावणार? चिठ्ठी लिहिणाऱ्या गुरुजींनी आयुष्यात कधी आडाचं पाणी शेंदलं नसणार. वाकडं लोखंड दिसलं की त्यांना शिकार आठवते. आजी त्याच सभागृहात पुढच्या रांगेत बसल्या होत्या, पण त्यांना विचारावं असं कुणाला वाटलं नाही. आणि ज्या वस्त्यांना गावच्या आडावर पायच ठेवू दिला जात नव्हता, तिथल्या बायांना तर गळ हाताळायची वेळही आली नसेल. वरून कुणीतरी पाणी ओतील म्हणून रिकामं भांडं घेऊन ताटकळणं, एवढंच त्यांच्या वाट्याला. वस्तूची ओळखसुद्धा जातीप्रमाणे आणि लिंगाप्रमाणे वाटली गेलेली असते.

'ओळखा पाहू'चा सर्वांत जुना प्रसंग आपल्याच जिल्ह्यातला आहे. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली. तिथं पडलेलं थापटणं पाहून मुक्ताबाईनं विचारलं, काका, हे काय? मडकं कच्चं की पक्कं हे याच्यानं कळतं, असं ते म्हणाले. मग आमची मडकी तपासा, म्हणून तिनंच सुचवलं आणि नामदेव कच्चे ठरले. ही आख्यायिका पोरासोरांना पाठ असते. कीर्तनकार ती रंगवून सांगतात. पण प्रश्न विचारणारी बाई होती, यावर कुणी थांबत नाही. गोरोबांची दुसरी कथाही सगळ्यांना ठाऊक आहे. चिखल तुडवताना भजनात देहभान हरपलं आणि पोटचं मूल पायाखाली आलं. त्या वेळी मुलाची आई कुठं होती? पाण्याला गेली होती. काकांचं थापटणं अजरामर झालं, त्यांच्या बायकोची घागर मात्र कथेत एका ओळीपुरती येते. मूल घरी टाकून पाण्याला जावं लागणं हा प्रश्न त्या कथेत कुणाला पडलाच नाही.

बाईचं एकच अवजार देव्हाऱ्याच्या मानाला पोचलं, ते जनाबाईचं जातं. पंढरपूरजवळ गोपाळपूरला ते आजही दाखवतात. पण का? तर त्याला विठ्ठलानं हात लावला म्हणून! नुसत्या बाईचा हात लागलेली लाखो जाती उकिरड्यावर गेली. उरलेली आता महामार्गावरच्या ढाब्यांच्या दारात शोभेला उभी आहेत.

मी संग्रहालयांच्या विरोधात नाही. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. शेतात आणि पांढरीच्या मातीत सापडणारे मणी, मृण्मूर्ती, भांडी या माणसानं चिकाटीनं जमवली, म्हणून आपल्याला प्राचीन तगर डोळ्यांनी पाहता येतं. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी गोळा केली आणि १९७५ साली हजारो वस्तूंचा संग्रह शासनाला दिला. संग्रहालय म्हणजे तलवारी आणि नाणी असं समजण्याच्या काळात त्यांनी रोजच्या वस्तूंना मान दिला. हे ऋण मोठं आहे. तरीही संग्रहात जातं ते टिकाऊ आणि देखणं. पितळी घागर कपाटात येते. घागरीखालची चुंबळ मी अजून कुठल्याही कपाटात पाहिलेली नाही. फाटक्या लुगड्याची गुंडाळी ती, कोण ठेवील? पण वजन घागरीला नव्हतं, ते डोक्याला आणि मानेला होतं. ते कळतं चुंबळीवरून.

फुंकणीचंही तसंच. आजची मुलं तिला बासरी समजतात आणि आपण हसतो. ती नळी तोंडाला लावून धूर गिळणाऱ्या बाईच्या छातीचं काय झालं, हे मात्र हसण्यावारी जातं. घरातल्या धुराच्या प्रदूषणानं २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, पण सिलिंडर भरून आणायला पैसे नसले की बाई पुन्हा चुलीपुढंच बसते. तिच्या घरात फुंकणी अजून 'जुनी वस्तू' झालेलीच नाही.

आणि मग येतो तो उसासा : "पूर्वीच्या बायका किती धडधाकट! जात्यावर दळायच्या, म्हणून दुखणी नव्हती." हे बोलणाऱ्यानं एकदा पहाटे उठून घरच्या दहा माणसांचं दळण दळावं आणि मग व्यायामावर व्याख्यान द्यावं. गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. ओव्या गोड होत्या, दळण गोड नव्हतं. अवजारं बदलली, पण कामाची वाटणी तशीच राहिली. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं गेले, पुरुषांचे ८८. मिक्सर आला, पण त्याचं बटण कोण दाबतं?

विचारायला आता फार वेळ उरलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहारा पट्ट्यातले दगडामातीचे वाडे कोसळले. उखळं, रांजण, कोठ्या ढिगाऱ्यात गेल्या. पुनर्वसनाच्या सिमेंटच्या घरांत त्यांना जागाच ठेवली नव्हती. त्या वेळच्या चाळिशीतल्या बाया आज सत्तरीत आहेत. त्यांच्याबरोबर नावंही जातील, आणि नावामागचं जगणंही.

शिवाय सगळीच कोडी जुनी नाहीत. भूम, परंडा, वाशी, कळंबकडून दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' लिहिलेलं असतं. ओळखा पाहू, कोयता म्हणजे काय? कोयता म्हणजे नवरा आणि बायको, दोघं मिळून. दोन माणसं, चार हात, अवजाराचं एक नाव आणि उचल बहुधा पुरुषाच्या हाती. मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी, पहाटे भाकऱ्या थापणारी, फडातच बाळंत होणारी बाई त्या शब्दात बुडून जाते. शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा गर्भाशय काढून टाकलेल्या १३ हजारांहून अधिक बाया निघाल्या. पाळीसाठी खाडा परवडत नाही, म्हणून अवयवच काढायचा! उद्या हा कोयता प्रदर्शनात मांडला जाईल आणि खाली लिहिलं जाईल, 'ऊस तोडण्याचे अवजार'. तेव्हा आपण गप्प बसायचं का?

म्हणून आपल्या प्रत्येक गटानं एवढं करावं. गावात असं प्रदर्शन भरलं की चिठ्ठ्या लिहायचं काम मागून घ्यावं. वस्तूपाशी आधी म्हातारीला बसवावं, मग लिहावं. वस्तूचं गावातलं नाव, ती घडवणाऱ्या कारागिराची जात आणि त्याला मिळालेला मोबदला, वापरणारी कोण, रोज किती वेळ, आणि कुठं दुखायचं, हे सगळं चिठ्ठीवर यावं. चुंबळीला टेबलावर जागा मिळावी. आणि ऊसतोडीच्या नोंदीत, उचलीच्या हिशेबात बाईचं नाव वेगळं लागावं, यासाठी याच हंगामात तहसीलवर जावं.

कोयत्याला नाव आहे. तो धरणारीलाही आहे. ते वहीत लिहा.