लावलेलें झाड आणि जगलेलें झाड

मृगाचा पहिला पाऊस पडला, म्हणजे आमच्या कारंजा लाड येथें झाडें लावण्याचा उत्साह जिकडे तिकडे दिसूं लागतो. शाळांतून रोपें वांटलीं जातात, भाषणें होतात, छायाचित्रें काढिलीं जातात, आणि मुलें हातांत एकेक रोप घेऊन मोठ्या आनंदानें घरीं जातात. या उत्साहाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. सन १९५० मध्यें त्या वेळचे केंद्रीय अन्न व कृषि मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सव सुरू केला, तेव्हांपासून हा क्रम देशभर चालत आला आहे, आणि त्यापासून पुष्कळ लाभही झाला आहे. परंतु उत्सव आटोपल्यावर त्या रोपांचें पुढें काय होतें, हें क्वचितच कोणी विचारतो.

आम्ही हा प्रश्न गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं आपल्या वर्गांत विचारला. "ज्यांचें रोप अद्याप जिवंत आहे, त्यांनीं हात वर करावे," असें आम्ही म्हणालों. वर आलेले हात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. आतां चार शब्द उपदेशाचे सांगावे, अशा विचारांत आम्ही होतों, इतक्यांत मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्यानें नम्रपणें विचारिलें, "सर, आपलें रोप जगलें आहे काय?" वर्ग हंसला. आम्हांस खरें सांगणें भाग पडलें. आमच्या अंगणांतील कागदी लिंबाचें रोप दिवाळीपूर्वींच गेलें होतें; आणि विशेष हें कीं, तें पाण्यावांचून मेलें नव्हतें, पाण्यानेंच मेलें होतें.

त्या दिवसापासून आमचें असें ठाम मत झालें आहे कीं, झाड लावणें हें एका सकाळचें काम आहे, आणि झाड जगविणें हें वर्षभराचें शिक्षण आहे. शाळेनें आणि पालकांनीं हिशेब ठेवावयाचा तो या दुसऱ्या गोष्टीचा ठेवावा.

आमचें रोप कां मेलें, हें सांगितल्यास दुसऱ्या कोणाचें तरी वांचेल. आपल्या वऱ्हाडची जमीन काळी व चिकण. कापसास ती फार मानवते. कारण ती ओल पुष्कळ दिवस धरून ठेवते. परंतु हाच गुण कुंडींत दोष होऊन बसतो. पाणी खालीं उतरत नाहीं, मातींतील हवा नाहींशी होते, आणि मुळें गुदमरून कुजतात. वरून पान मलूल दिसतें, म्हणून आपण आणखी पाणी घालतों. म्हणजे बुडणाऱ्यास पाणी पाजण्यासारखेंच तें होतें. यास उपाय सोपा आहे. कुंडीसाठीं दोन भाग माती, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत आणि एक भाग जाड वाळू असें मिश्रण करावें. कुंडीच्या तळाशीं भोंक असावें व त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. पाणी घालण्यापूर्वीं बोट दोन पेरें मातींत खुपसून पाहावें. आंत ओल लागली, तर त्या दिवशीं पाणी घालूं नये. घड्याळ पाहून पाणी घालणाऱ्यापेक्षां बोट घालून पाहणारा माळी अधिक शहाणा.

याच जमिनीचा दुसरा एक स्वभाव ध्यानांत ठेवावा. तींत चुन्याचा अंश पुष्कळ असल्यामुळें लिंबू, संत्रें, गुलाब अशा झाडांस लोह असूनही घेतां येत नाहीं. नवीं पानें पिवळीं पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळीं रोग झाला असें समजून औषधांच्या दुकानीं धांवूं नये. शेणखत वाढवावें, आणि जरूर तर लिटरभर पाण्यांत दोन-तीन ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळीं पानांवर शिंपडावा.

आतां पालकांचा पहिला आक्षेप येतो, तो पाण्याचा. "पिण्यास पाणी पुरत नाहीं, तेथें झाडांस कोठून आणावें?" हा आक्षेप खरा आहे, ज्या घरीं नळाची वाट चार-चार दिवस पाहावी लागते, त्या माउलीस बागेचा उपदेश करणें हें निर्दयपणाचें होय. म्हणून आम्ही नवें पाणी मागत नाहीं; सांडलेलें पाणी मागतों. तांदूळ व डाळ धुतलेलें पाणी, भाजी धुतलेलें पाणी, हात धुतलेलें पाणी, हें रोज प्रत्येक घरून गल्लींत वाहत जातें, तेथें डबकें होतें व त्यावर डांस माजतात. तेंच चार कुंड्यांस पुरून उरतें. न्हाणीचें साबणाचें पाणी कुंड्यांस मात्र नेहमीं घालूं नये. तें कर्दळ, केळ, अळू यांच्या आळ्यांत सोडावें, तीं झाडें तें सोसतात. कपड्यांच्या सोड्याचें तीव्र पाणी कोणत्याच झाडास घालूं नये. आणि कुंडीखालच्या थाळ्यांत पाणी सांठूं देऊं नये. डेंग्यूचा डांस स्वच्छ सांठलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो. आठवड्यांतून एकदां थाळ्या कोरड्या करणें हा बागेचाच भाग समजावा.

उन्हाळा ही आपल्याकडील खरी परीक्षा. २०२० सालच्या मे महिन्यांत शेजारच्या अकोल्यास पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. अशा दिवसांत रोप जगविण्यास तीन युक्त्या आहेत, आणि तिन्ही आपल्या आजीआजोबांस ठाऊक होत्या. पहिली, आळ्यांत वाळलेला पाला किंवा सोयाबीनचें कुटार यांचा चार बोटें जाड थर पसरावा. ऊन मातीपर्यंत पोहोंचत नाहीं व ओल टिकते. हा थर खोडास मात्र चिकटूं देऊं नये. दुसरी, रोपाशेजारीं एक भाजलेलें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून त्यांत पाणी भरून वर झांकण ठेवावें. पाणी पाझरून मुळांस मिळतें, आणि दोन-तीन दिवस बाहेरगांवीं जाणाऱ्यासही निश्चिंत जातां येतें. तिसरी, दुपारच्या पश्चिमेच्या उन्हाआड जुनें लुगडें किंवा पोतें बांधावें. पाणी सूर्योदयाच्या सुमारास अथवा दिवे लागल्यावर घालावें. भर दुपारीं घालूं नये.

किडीविषयीं एक गोष्ट आम्हांस कळकळीनें सांगावयाची आहे. आपला मुलूख कापसाचा. त्यामुळें पुष्कळ घरीं शेतांतील फवारणीच्या औषधाचा उरलेला डबा कोठें तरी कोनाड्यांत असतो. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेंकूण दिसला, किंवा शेवंतीवर मावा दिसला, कीं कोणी तरी तो डबा काढतो. असें कधींही करूं नये. २०१७ सालीं आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले, हें आपण विसरूं नये. जें विष मोकळ्या शेतांत जाणत्या माणसाचा प्राण घेतें, तें लहान मुलांच्या अंगणांत व सांभाराच्या वाफ्यावर आणावयाचें काय? त्याऐवजीं मृगाच्या सुमारास कडुनिंबाखालीं पडलेल्या निंबोळ्या वेंचून सावलींत वाळवाव्या. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यांत रात्रभर भिजवाव्या, सकाळीं गाळून त्यांत किंचित् साबण मिसळावा व तें पाणी पानांच्या दोन्ही बाजूंस शिंपडावें. लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती तर नुसती हातानें वेंचली तरी पुरे.

काय लावावें, हेंही मुलें विचारतात. आमचें उत्तर असें कीं, जें घरांत रोज लागतें तें प्रथम लावावें. कारण ज्याची आठवण रोज होते, त्यास पाणीही रोज मिळतें. कढींत पडणारा गोडनिंब, चहांत पडणारी गवती चहा, अंगणांतील तुळस, हीं नवशिक्यास उत्तम. पावसाळ्याच्या आरंभीं झेंडूचें बीं टाकावें, म्हणजे दसऱ्यास तोरण घरचें होतें. मोगऱ्याच्या फांद्या पावसाळ्यांत लावाव्या. आणि मोठ्या मोगऱ्याची छाटणी थंडींत करून मग खत-पाणी द्यावें, म्हणजे उन्हाळ्यांत तो फुलून येतो. दसऱ्यानंतर मेथी, पालक व सांभार पेरावा. सांभाराचे धणे हातानें रगडून त्यांचीं दोन दळें करून पेरल्यास चांगले उगवतात. ज्यांच्या दाराशीं मोकळी जागा आहे, त्यांनीं एक करंज लावावा. आपल्या गांवाचें नांव करंज ऋषींवरून पडलें असें कोणी सांगतात, कोणी करंजाच्या झाडांवरून पडलें असें म्हणतात; तें कसेंही असो, करंज आमच्या जमिनींत सुखानें वाढतो, दाट सावली देतो, आणि त्याच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र धरून जमीन सुपीक करितात.

दुसरा आक्षेप असा कीं, मुलांनीं अभ्यास टाकून माती कां उकरावी? हें तर माळ्याचें काम! यावर आम्ही इतकेंच विचारतों कीं, माळ्याचें काम हलकें केव्हांपासून झालें? अरणच्या सावता माळ्यांनीं आपला मळा सोडला नाहीं, आणि महाराष्ट्रानें त्यांस संत म्हटलें. जोतीराव फुले यांच्या घराण्यास फुले हें नांवच फुलांच्या धंद्यावरून मिळालें. ते पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, आणि त्यांनींच १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण व १८१० सालीं मराठीचा कोश छापून प्रसिद्ध केला. त्याच केरींनीं श्रीरामपूर येथें मोठी बाग केली व १८२० सालीं कलकत्त्यास कृषि व उद्यान यांकरितां एक मंडळी स्थापिली. आपल्या मेळघाटच्या रानांत जो कुंभा आढळतो, त्याचें शास्त्रीय नांव त्यांच्याच नांवावरून पडलें आहे. त्यांच्या बागेची एक गोष्ट आम्हांस फार आवडते. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी त्यांनीं बागेंत एके ठिकाणीं झटकली. कांहीं दिवसांनीं त्या मातींतून त्यांच्या मायदेशचें डेझीचें लहानसें फूल उगवलें. उगवलें तें दैवयोगानें. परंतु बंगालच्या हवेंत तें टिकेना, म्हणून ते दर वर्षीं त्याचें बीं धरून पुन्हां पेरीत. पंडितासही रोप जगविण्यास नित्याची खटपट करावी लागली, ती त्यांच्या विद्वत्तेस कमीपणा आणणारी ठरली नाहीं. मग आठव्या इयत्तेच्या मुलाची दहा मिनिटें गेलीं, तर कोणतें नुकसान होणार?

आतां शेवटची गोष्ट. ती जरा बोंचेल, तरी सांगितली पाहिजे. एका विद्यार्थ्याच्या घरीं आम्ही गेलों असतां त्यानें आपलें टवटवीत रोप मोठ्या अभिमानानें दाखविलें. "रोज पाणी कोण घालतें?" असें आम्ही विचारिलें. तो गप्प राहिला आणि त्यानें आपल्या धाकट्या बहिणीकडे पाहिलें. ती मुलगी दाराआड उभी राहून हंसत होती. त्या रोपाचें बक्षीस शाळेनें त्याच्या भावास दिलें असतें, तर तें कोणाचें झालें असतें? पालकहो, पुष्कळ घरांतून रोप मुलाच्या नांवाचें असतें आणि पाणी आईचें किंवा बहिणीचें असतें. झाड त्यानेंही जगतें खरें. परंतु त्या मुलास त्यापासून कांहींच शिकावयास मिळत नाहीं, उलट दुसऱ्याच्या श्रमावर आपलें नांव लिहिण्याची संवय मात्र लागते. म्हणून आमची विनंति अशी कीं, ज्याचें रोप त्यानेंच तांब्या उचलावा. तो एक दिवस विसरला, तर त्यास आठवण द्यावी. त्याच्याऐवजीं पाणी मात्र घालूं नये. रोप सुकलें, तरी चालेल. तें कां सुकलें हें त्यास स्वतः शोधूं द्यावें.

आमची शाळेस सूचना अशी आहे कीं, यापुढें रोपांचें बक्षीस जुलैंत देऊं नये. पुढच्या जूनमध्यें, एक पुरा उन्हाळा सोसलेल्या रोपास द्यावें. प्रत्येक मुलानें व मुलीनें एक वही ठेवावी. पहिलें पान केव्हां फुटलें, कीड केव्हां लागली, पाणी कोणत्या दिवशीं चुकलें, हें तींत खरें खरें लिहावें. ज्यांचें रोप मेलें, पण ज्यांच्या वहींत त्याचें कारण प्रामाणिकपणें सांपडतें, त्यांसही आम्ही शाबासकी देऊं. भाड्याच्या एका खोलींत राहणाऱ्यांनीं मागें राहूं नये. फुटका माठ किंवा तळाशीं भोंक पाडलेला तेलाचा डबा, आणि चार-पांच तास ऊन येणारी खिडकी, इतकें भांडवल पुरे आहे.

आम्ही स्वतः पुन्हां एक कागदी लिंबू लावलें आहे. या खेपेस माती हलकी केली आहे, आणि पाणी घालण्यापूर्वीं बोट घालून पाहतों. पुढच्या मृगापूर्वीं वर्गांत तोच प्रश्न आम्ही पुन्हां विचारणार आहों. तेव्हां मागच्या बाकावरील आमच्या मित्रानेंही आपला प्रश्न अवश्य विचारावा.