कागद खरा, पण त्याचा पत्ता कोणता?

गेल्या महिन्यात देवदर्शनाच्या निमित्ताने उज्जयिनीस जाणे झाले. सायंकाळी फ्रीगंजातील टावर चौकात, घड्याळाच्या मनोऱ्याखाली, नेहमीप्रमाणे माणसांची गर्दी लोटली होती. तेथून हाकेच्या अंतरावर एका मराठी वकिलांच्या बैठकीत आम्ही बसलो होतो. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली राजधानी ग्वाल्हेरीस नेली. परंतु शिंद्यांबरोबर माळव्यात आलेली कित्येक मराठी घराणी उज्जयिनीसच रुजली आणि त्यांच्या फडताळांत मोडी कागदांची पुडकी राहिली. अशाच एका घराण्याच्या जमिनीचा दावा त्या बैठकीत चर्चेस निघाला. दाव्याच्या अर्जात एक वाक्य होते : ‘जुन्या दफ्तरावरून ही जमीन इनाम असल्याचे सिद्ध होते.’ प्रतिपक्षाने तीनच प्रश्न विचारले. दफ्तर कोणते? त्यांतील कागद कोणता? तो वाचला कोणी? अर्जात एकाचेही उत्तर नव्हते. कागद खरा होता, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु खरा कागद आणि सिद्ध होणारा कागद ह्यांत जे अंतर असते, त्या अंतरातच माणसांच्या जमिनी बुडतात.

ही गोष्ट सीमाभागातील वाचकांस सांगण्याचे कारण उघड आहे. महाराष्ट्राने 2004 साली राज्यघटनेच्या 131 व्या कलमान्वये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हापासून आपला प्रश्न सभेच्या व्यासपीठाइतकाच न्यायालयाच्या मेजावरचाही झाला आहे. व्यासपीठावर ‘इतिहास साक्ष देतो’ एवढे म्हणून टाळ्या मिळतात. न्यायालय मात्र विचारते की, इतिहासाची ही साक्ष कोणत्या रुमालात बांधलेली आहे?

आपल्या भागाला हा धडा नवा नाही. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला जे अधिकार मिळाले, त्यांचा वरवंटा बेळगाव-धारवाडकडील इनामदारांवरूनही फिरला. पिढ्यान् पिढ्या ज्यांची वहिवाट होती, त्यांच्याकडे सनद मागितली गेली. ज्यांस ती दाखविता आली नाही किंवा ज्यांची सनद कमिशनास पटली नाही, अशा कित्येकांची इनामे गेली. त्या व्यवहारातील अन्यायाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु कागद जपावा कसा आणि मांडावा कसा, हे आपण त्यातून पुरतेपणी शिकलो काय?

उलट बाजूचे उदाहरण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे आहे. दादरा व नगरहवेली 1954 साली मुक्त झाल्यावर, तेथे जाण्याच्या वाटेचा हक्क मागत पोर्तुगालने 1955 साली भारतावर फिर्याद केली. आधार कोणता, तर मराठ्यांशी झालेला 1779 चा तह आणि 1783 व 1785 च्या सनदा! हे मुलूख पेशव्यांनी आपणांस सार्वभौम हक्काने दिले, असा पोर्तुगालचा दावा होता. तहाच्या निरनिराळ्या पाठांचा आणि सनदांतील शब्दांचा न्यायालयाने कसून विचार केला, आणि 12 एप्रिल 1960 च्या निकालात सांगितले की, दिला गेला तो वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाचा जहागीर किंवा सरंजाम, राज्य नव्हे. मात्र पुढे इंग्रजांच्या अमदानीत पोर्तुगिजांची सत्ता मानली गेली, हेही न्यायालयाने नोंदविले. म्हणजे मूळ पाठाने अर्थ ठरला. पण त्या कागदानंतर काय घडले, तेही पाहिले गेले.

असाच बोध 1953 च्या एका निकालात आहे. इंग्लंड आणि फ्रान्स चॅनेलमधील चिमुकल्या बेटांसाठी भांडत होते आणि दोघांनीही मध्ययुगापर्यंतचे कागद पुढे केले. न्यायालयाने निर्णायक मानला तो प्रत्यक्ष ताब्याचा पुरावा. मध्ययुगीन घटनांवरून बांधलेली अनुमाने नव्हेत. यादवांच्या शिलालेखाचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु एखाद्या गावचा व्यवहार कोणत्या भाषेत चाले, हे दाखवायचे तर शिलालेखापेक्षा त्या गावचे शाळेचे हजेरीपुस्तक किंवा ग्रामपंचायतीचे इतिवृत्त अधिक बोलके ठरेल.

आपला कायदा काय म्हणतो? 1872 च्या पुरावा कायद्याचे 90 वे कलम तीस वर्षांहून जुन्या कागदाला थोडी सवलत देई. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या 92 व्या कलमात ती कायम आहे. परंतु कागद योग्य ठिकाणच्या ताब्यातून आला पाहिजे. आणि तसा तो आला तरी सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते, धरलेच पाहिजे असे नाही. शिवाय त्यात लिहिलेला मजकूर खरा आहे, हे त्यामुळे सिद्ध होत नाही. गॅझेटियरविषयीही सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली म्हटले आहे की, ते विचारात घ्यावे, पण अखेरचा शब्द मानू नये.

कोणी म्हणतील, हा वकिली काथ्याकूट झाला. सत्य आपल्या बाजूला असता रुमालाचा क्रमांक हवा कशाला? हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. प्रतिपक्षही सत्य आपल्याच बाजूला आहे असे म्हणतो. ज्याला आपल्या पुराव्याची खात्री आहे, त्याने तो कोठे तपासता येईल हे स्वतः होऊन सांगावे. पत्ता लपविणारा पक्ष, त्याची बाजू खरी असली तरी, संशयास जागा देतो.

म्हणून कागद उद्धृत करताना काही गोष्टी अगत्याने पाळल्या पाहिजेत. अभिलेखागाराचे नाव, दफ्तर, रुमाल व कागदाचा क्रमांक लिहावा. मूळ मिती जशीच्या तशी देऊन शेजारी इसवी तारीख द्यावी. मोडी पाठ आणि त्याचे देवनागरी वाचन समोरासमोर ठेवावे. वाचणाऱ्याचे नाव द्यावे. फाटलेली किंवा न लागलेली अक्षरे अंदाजाने भरू नयेत. मूळ पाहणे शक्य असता छापील पुस्तकावर थांबू नये. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड काढले, हे थोर कार्य होय. पण ती निवड आहे, दफ्तर नव्हे. आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे कागदातील आपल्याला अडचणीचे वाक्य गाळू नये. आपण गाळलेले वाक्य प्रतिपक्ष वाचून दाखवील, तेव्हा उरलेल्या खऱ्या वाक्यांवरही न्यायाधीशांचा विश्वास राहणार नाही.

हे काम केवळ वकिलांचे नव्हे. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारकडील किती घरांच्या माळ्यांवर जुन्या पावत्या, खतपत्रे, शाळांचे दाखले वाळवीची वाट पाहत पडले असतील! ती पुडकी खाली उतरवा. कागद कोणाकडून, केव्हा, कोणत्या घरातून मिळाला, एवढे एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. मूळ कागदावर मात्र शाईचा थेंबही पाडू नका. घरातील वडीलधारी मंडळी हे सांगावयास आहेत, तोवरच हे घडेल. त्यांच्यामागे कागद उरेल. पण तो आला कोठून, ह्या न्यायालयाच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर देणारे घरात कोणी उरणार नाही.