टाळ्यांनंतरचे काम

अग्निबाण आकाशात झेपावला की आपण टाळ्या वाजवतो. पण माझ्या मते खरी परीक्षा त्यानंतरच सुरू होते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताची 'अ‍ॅस्ट्रोसॅट' ही वेधशाळा श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेली उपकरणेही तिच्यात होती. सारी उपकरणे एकेक करून सुरू झाली. अतिनील दुर्बिणीची झाकणे तर ३० नोव्हेंबरला उघडली. एवढा उशीर का? उपग्रहातूनच निघणारी वाफ आरशांवर बसली असती, तर ते कायमचे अंधुक झाले असते. पवनीतल्या आपल्या घरचा आरसा आपण फडक्याने पुसतो. तिथे कोण पुसणार?

म्हणून दोन महिने थांबणे हा आळस नव्हता, ते कामच होते. टाळ्या त्या धीरालाही मिळायला हव्यात.