चार महिन्यांचा पाऊस आणि चार तारा

कोयनानगरला पाऊस लागला की चार महिने माणसे घरात अडकतात. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर कोसळणारा हा पाऊस धरणाच्या दृष्टीने भाग्याचा, पण सत्तरी ओलांडलेल्यांच्या तब्येतीला तो मानवतोच असे नाही. सकाळचे फिरणे बंद होते. शेवाळलेल्या वाटेवर पाय घसरण्याची धास्ती असते, त्यामुळे चार लोकांत बसणेही थांबते. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली मुले जाताना मोबाइलमध्ये जुन्या गाण्यांची यादी भरून देतात आणि 'बाबांचा वेळ छान जातो' या समाधानात राहतात.

वेळ जातो, हे खरे. तरुणपणी ऐकलेली गाणी म्हातारपणीही ताजी वाटतात. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांना माणसांची नावे आठवत नाहीत, तरी ओळखीची चाल आठवते. पण ऐकलेले गाणे पुन्हा ऐकताना मेंदूला फारसे कष्ट पडत नाहीत. पुढची ओळ आधीच ठाऊक असते. तेच गाणे स्वरलिपीवरून एखाद्या वाद्यावर काढायला बसले, की डोळे वाचतात, बोटे जागा शोधतात, कान चूक पकडतात आणि या तिघांचा मेळ तालात घालावा लागतो. घरच्यांनी वडीलधाऱ्यांच्या हातात गाण्यांच्या यादीऐवजी युकुलेले आणि एक जाड वही द्यावी, असे म्हणायचे ते यासाठी.

वाद्य हेच का? सतार-तंबोऱ्यासाठी प्रसिद्ध असलेले मिरज इथून फार लांब नाही. तिथल्या या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण सत्तराव्या वर्षी मांडी घालून, पोलादी तारांवर बोटे कापून घेत सतार सुरू करणे कुणाच्याही गुडघ्यांना आणि धीराला झेपणारे नाही. पेटी चांगली, पण जड. युकुलेले हातभर लांबीचे, खुर्चीत बसून छातीशी धरता येते. तारा चारच आणि त्याही नायलॉनच्या, सैल ताणाच्या. सुरुवातीचे वाद्य दोन-तीन हजारांत मिळते.

या वाद्याचे आणि सिनेमाचे नाते जुने आहे. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे लोक 1879 मध्ये हवाईला मजुरीसाठी गेले, त्यांच्या सोबतच्या लहान गिटारीतून ते जन्मले. 1920च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांची छापील स्वरलिपी घरोघरी जाई. मूकपटांची गाणीही त्यात असत. स्वरांच्या ओळीवर युकुलेलेवर बोटे कुठे ठेवायची, याच्या छोट्या चौकटी छापलेल्या असत. सिनेमा पाहून आलेले कुटुंब ते गाणे घरी वाजवी. आपल्याकडे 1932च्या 'अयोध्येचा राजा'पासून मराठी बोलपट गाऊ लागला. थिएटरवर गाण्यांची पुस्तिका मिळे, पण तिच्यात नुसते शब्द असत, चाल कानातच राही. मुंबईच्या स्टुडिओंत सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे वादक-संयोजक पाश्चात्त्य पद्धतीने वाद्यवृंदाचे स्वर लिहून काढत. गोव्याच्या चर्चशाळांत मुलांना स्वर वाचायला शिकवत, त्याचा हा फायदा. त्यातले पुष्कळ कागद पुढे जपले गेले नाहीत. ज्या घरात आजोबांची नोटेशनची वही अजून आहे, तिथे ती रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहिलेली बरी.

वही नसेल तर अधिकच चांगले. गोविंदराव टेंबे किंवा केशवराव भोळे यांची एखादी आवडती चाल निवडावी, एकेक ओळ पुन्हा पुन्हा ऐकावी आणि सा-रे-ग-म मध्ये उतरवावी. अक्षर मोठे असावे. आपल्याकडे स्वरलिपीची एक पद्धत घालून देणारे विष्णु दिगंबर पलुस्कर हे मिरजेत शिकलेले, आणि लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झालेली. चष्म्याचा नंबर वाढला, ही सबब त्यांच्यापुढे टिकत नाही.

आता विज्ञान काय सांगते? 1995 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठीचा भाग इतरांपेक्षा जास्त व्यापलेला आढळला. लहान वयात सुरुवात केलेल्यांत हा फरक मोठा होता, हेही सांगितले पाहिजे. 2003 मध्ये न्यूयॉर्कमधील 75 वर्षांवरील 469 जणांचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. वाचन, बैठे खेळ, नृत्य आणि वाद्यवादन करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. पण वाद्यामुळे आजार टळला, असा याचा अर्थ लगेच काढता येत नाही. ज्यांचा मेंदू आतून पोखरायला लागलेला असतो, ते वाद्य आधीच खाली ठेवतात, असेही असू शकते. म्हणून 'स्मरणशक्तीसाठी युकुलेले' अशी जाहिरात दिसली तर दुर्लक्ष करावे. रक्तदाबाची गोळी आणि कानाची तपासणी यांची जागा हे वाद्य घेऊ शकत नाही. ऐकू कमी येणे हा स्मृतिभ्रंशाचा एक धोका मानला जातो आणि वाजवताना तो लवकर लक्षात येतो, कारण बारीक तारेचा आवाज हरवतो.

जाणकारांचा आक्षेप वेगळा असेल. युकुलेलेवर सतारीसारखी मींड निघत नाही, श्रुती जुळत नाहीत. बरोबर आहे. याच कारणाने पेटीवर 1940 पासून सुमारे तीन दशके रेडिओने बंदी घातली होती, तरी घरांतली पेटी वाजतच राहिली. मैफल करायची नसेल तर मींडेवाचून अडत नाही. खरी अडचण मंद्र सप्तकाची येते. सफेद एकचा सा धरला तर तारा प, सा, ग, ध अशा लागतात आणि सा च्या खाली उतरताच येत नाही. सफेद चारचा सा धरला की मंद्र पंचमापर्यंत जाता येते आणि बहुतेक जुनी गाणी त्यात बसतात.

हाताची काळजी मात्र घ्यायला हवी. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मनगट वाकडे करून दाबू नये. बोटांना मुंग्या आल्या, सकाळी बोट अडकू लागले किंवा सांधा सुजला तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी रोज बोटांची टोके पाहावीत, जखम झालेली त्यांना कळत नाही. आणि कोयनेच्या पावसात वाद्य ओल धरणाऱ्या भिंतीला टांगू नये. लाकूड फुगते, डिंक सुटतो. पेटीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावे, पण इतके वरही नको की काढायला कुणाला तरी हाक मारावी लागेल.