डिस्चार्ज बुकात गोवा नाही

19 डिसेंबर जवळ आला की गोव्यात मुक्तिदिनाची तयारी सुरू होते. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर फुलं वाहिली जातात, स्वातंत्र्यसैनिकांना शाल-श्रीफळ दिलं जातं. ते व्हायलाच पाहिजे. माझा प्रश्न वेगळा आहे. 1961 साली जे शिपाई प्रत्यक्ष गोव्यात उतरले, त्यांच्या सरकारी कागदात 'गोवा' हा शब्द आहे का, हे कोणी तपासलंय? आमच्या काकांच्या कागदात तो नव्हता. तो यावा म्हणून आम्ही जवळजवळ दीड वर्ष खटपट केली, त्या अनुभवावरून हे लिहितोय.

काका मूळचे चंदगडकडचे. 1955 ला भरती झाले, नागा टेकड्यांत राहून आले, मग गोवा, पुढे 65 ची लढाई, आणि 1970 ला पेन्शन घेऊन घरी. नंतर डिचोलीच्या एका खाणीवर वॉचमनची नोकरी धरली, हळूहळू फोंड्याला कुर्टीत घर बांधलं. म्हणजे ज्या मुलखात बंदूक घेऊन आले, तिथेच त्यांची नातवंडं शाळेत गेली. त्यांनी हे कधी मिरवलं नाही. मुलांनी विचारलं तर म्हणायचे, "अरे, दोन दिवसांचं काम ते. चाललो जास्त, लढलो कमी."

त्या दोन दिवसांचा हिशेब मात्र फोंडेकरांनी लक्षात ठेवावा असा आहे. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखाली फौज बेळगावच्या बाजूला जमली होती. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या 50 पॅरा ब्रिगेडमधली दुसरी पॅरा (मराठा) पलटण 18 डिसेंबरला साखळी-उसगावच्या वाटेने फोंड्यात आली. दुसऱ्या दिवशी, 19 तारखेला रात्री, गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती दिली. आपल्या तिस्कावरून ज्या वाटेने आज बस जाते, त्या भागात आधी मराठी बोलणारी पोरं पायी आली होती. काकांची पलटण वेगळी, वाटही वेगळी, पण मोहीम तीच.

आता पदकाचं बघा. या मोहिमेसाठी स्वतंत्र पदक निघालं नाही. आधीपासून असलेल्या 'जनरल सर्व्हिस मेडल 1947' वर 'गोवा 1961' असा क्लॅस्प, म्हणजे रिबिनीवर बसवायची धातूची छोटी पट्टी, देण्यात आला. काश्मीर, कोरिया, नागा टेकड्या यांच्याही पट्ट्या याच पदकावर. पदक एकदाच मिळतं, पुढच्या मोहिमेला फक्त पट्टी वाढते. या पदकाच्या दर्शनी बाजूवर भवानी तलवार आहे, हे किती मराठी घरांना माहीत असेल?

चूक होते ती इथेच. काकांच्या डिस्चार्ज बुकात 1965 चं रक्षा पदक आहे, जनरल सर्व्हिस मेडलही आहे, त्यावर 'नागा हिल्स' लिहिलंय. गोवा नाही. वरवर बघणाऱ्याला वाटतं, पदक तर आहे, सगळं ठीक आहे. एक शब्द गाळला गेलाय हे पन्नास वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही.

असं का झालं असावं, हे नंतर कागदांवरून उलगडलं. क्लॅस्पचा दावा पलटण करते. पात्र माणसांची यादी बनते, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, मग नोंद होते. चीनच्या लढाईनंतर भराभर नव्या पलटणी उभ्या राहिल्या आणि जुन्या पलटणींतून अनुभवी शिपाई तिकडे पाठवले गेले. काका त्यांतलेच. यादी जुन्या पलटणीत, माणूस नव्या पलटणीत. रजेवर असलेला, हॉस्पिटलात पडलेला, दुसऱ्या तुकडीला जोडून दिलेला शिपाईही असाच यादीतून निसटतो. यात कोणाचा दुष्टावा नसतो. पण दुष्टावा नाही म्हणून चूक तशीच ठेवायची का?

आम्ही अर्ज केला तेव्हा घरातूनच प्रश्न आला, "याचे पैसे किती मिळणार?" एकही नाही. शौर्यपदकांना मासिक भत्ता असतो. अशा मोहिमेच्या पदकांना नसतो. पेन्शनही वाढत नाही. म्हणून तर यात कोणी लक्ष घालत नाही. पेन्शनमध्ये शंभर रुपये कमी आले असते तर आम्हीच पहिल्या महिन्यात कार्यालय गाठलं असतं. माझं मत असं की ज्या नोंदीतून काही मिळायचं नसतं, तिच्यासाठी धावणं हे घरच्यांचं काम जास्त आहे, कारण तिच्यासाठी दुसरं कोणी धावणार नाही.

दुसरा आक्षेप खुद्द काकांचाच. "मी मागायला जाणार नाही. दिलं तर घेईन." त्यांचा हा ताठा मला मान्य आहे. पण हे मागणं नव्हे. मिळून चुकलेलं लिहून घेणं हे मागणं कसं? सातबाऱ्यावर नाव चढायचं राहिलं तर आपण तलाठ्याकडे दहा खेपा घालतो, त्याला कोणी भीक म्हणत नाही.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. काही घरांत बाजारातून पदकं आणून फ्रेम करतात. छावणीजवळच्या दुकानांत नकला सहज मिळतात. खरं पदक यायला वर्षं लागतात म्हणून नोकरीतले जवानसुद्धा त्या घेतात, ते समजू शकतो. पण ज्याची नोंदच नाही असं पदक भिंतीवर लावणं मला पटत नाही. उद्या नातू विचारेल, "हे कागदावर कुठे आहे?" मग खरं केलेलं कामही खोटं ठरेल. खऱ्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते उगाच नाही.

म्हणून खटपट करायची ती कागदाची. आधी डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद काढा. पलटण, सैनिक नंबर, भरती-निवृत्तीच्या तारखा लिहून काढा. अर्ज त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला करा; मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावला आहे. सैनिक कल्याण खात्यामार्फत गेला तर बरं. अर्जात 'ऑपरेशन विजय मेडल' लिहू नका. गोव्याच्या मोहिमेचं नाव ऑपरेशन विजय होतं हे खरं, पण त्या नावाचं पदक 1999 च्या कारगिलचं आहे, आणि असा अर्ज नाकारायला सोपा जातो. 'जनरल सर्व्हिस मेडल 1947, क्लॅस्प गोवा 1961' असंच लिहा. पार्ट टू ऑर्डरच्या प्रती माहिती अधिकारातून मागा. कोणती पलटण कुठे होती हे दाखवायला संरक्षण मंत्रालयानेच 1974 साली काढलेला, पी. एन. खेरा यांचा ऑपरेशन विजयवरचा इतिहास आहे.

आम्हाला पहिलं उत्तर आलं ते "नोंद उपलब्ध नाही" एवढंच. बरेच जण इथेच थांबतात. आम्ही जुन्या पलटणीची ऑर्डर मागवली, तिच्यात काकांचा नंबर सापडला, तो जोडून पुन्हा अर्ज केला. शेवटी दुरुस्तीचं पत्र आलं. एक ओळ वाढली. पट्टी अजून यायची आहे.

पत्र वाचून दाखवलं तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, "आणि त्याचं काय झालं?" तो म्हणजे त्यांच्याच सेक्शनमधला सातारकडचा जोडीदार, गोव्यात बरोबर होता. तो पेन्शनीआधीच सुटून गेला, वारूनही बरीच वर्षं झाली. पेन्शन नसलेल्या शिपायाची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. मागे राहतो तो लाँग रोल, त्यात थोडक्यात नोंद असते. त्याच्या घरी कोणी अर्ज करणारं आहे की नाही, हेही आम्हाला माहीत नाही. काकांना मी उत्तर देऊ शकलो नाही.

आणि म्हणूनच हे फक्त घरच्यांवर सोडून चालणार नाही असं मी म्हणतो. 1961 चा सगळ्यांत तरुण शिपाईसुद्धा आज ऐंशीच्या पुढे आहे. पलटणींच्या याद्या सरकारकडेच आहेत. कोणती पलटण 18-19 डिसेंबरला गोव्यात होती हे सरकारला शिपायाकडून शाबीत करून घ्यायची गरज नाही. याद्या आणि नोंदी एकदा ताडून बघितल्या तर किती नावं निसटली ते कळेल. गोवा सरकारने मुक्तिदिनाच्या खर्चातला थोडा भाग या कामाला दिला आणि संरक्षण मंत्रालयाकडे पाठपुरावा केला, तर तो सत्काराच्या शालीपेक्षा जास्त टिकेल.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. पेडणे, डिचोली, फोंडा इथल्या आपल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी पलटणीत होतं. ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक या रविवारी बाहेर काढा आणि पदकांचं पान नीट वाचा. म्हातारं माणूस घरात असेल तर त्यांच्या शेजारी बसून वाचा. त्यांना आठवतंय आणि कागदात नाही, असं काही निघालं तर अर्ज लगेच करा, कारण साक्ष द्यायला जोडीदार उरलेले नाहीत.