रंग नंतर, आधी युनिट विचारा!

मैत्रिणींनो, फ्रीज घेताना आपण रंग पाहतो, हप्ता विचारतो. ताऱ्यांचं लेबल मात्र कुणी वाचत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ साली ही योजना आणली. वर्षाला किती युनिट वीज लागेल, तेही लेबलावर छापलेलं असतं. निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून लेबलाची मुदतही बघाच. साधा पंखा साधारण ७५ वॉटचा, बीएलडीसी ३० वॉटच्या आसपास. १२ तासांत अर्ध्या युनिटची बचत! आपली बरीचशी वीज अजून कोळशावरच होते. म्हणजे धूरही तेवढा कमी. बचत गटात मी हेच सांगते, गिऱ्हाईक विचारत नाही तोवर दुकानदार असा माल मागवत नाही, अन् कंपनीलाही बनवायची घाई नसते. विचारायला पैसे पडत नाहीत, बायांनो!